रोझाबाईंच्या नावाचे पाणी

मी, नरसिंह देवाप्पा मोहिते, वय ७४, धंदा दातांच्या कवळ्या करणे, राहणार यशवंतपूर, बेंगळूर, हे मृत्युपत्र कुणाच्या धाकाशिवाय, स्वखुशीने लिहीत आहे. स्वखुशीने हा शब्द कायद्यासाठी. डोके ठिकाणावर आहे, मन नाही.

१. राहते घर मुलगा अपूर्व व मुलगी संहिता यांना निम्मे निम्मे. अपूर्वचे नाव तीनदा खोडले होते. पण घराचा पाया त्याच्या आईने बांगड्या मोडून घातला, म्हणून पुन्हा लिहिले.

२. मेण कोरायच्या सुऱ्या, साचे व पॉलिशचे यंत्र माझ्या हाताखाली शिकलेल्या पिराजीला. ही अवजारे मूळची डॉ. लोटे यांची. १९३९ साली जर्मनीतून जीव वाचवून इथे आलेल्या ज्यू दंतवैद्य. मी त्यांना अक्का म्हणे. धंदा त्यांनीच शिकवला. अपूर्वचे किडके दात त्यांनी मांडीवर घेऊन काढले. एक पैसा घेतला नाही.

३. अक्कांच्या आईचे, रोझाबाईंचे, १९४२चे शेवटचे पत्र. रेड क्रॉसच्या कागदावर पंचवीसच शब्दांची मुभा, तेही नाझी अधिकारी वाचणार. म्हणून लिहिले, 'आम्ही सुखरूप आहोत. प्रवासाला निघतो. काळजी करू नकोस.' त्या प्रवासातून कुणी परतले नाही. अक्कांनी मरताना ते माझ्या हाती दिले. कॉम्प्युटरवर जपून ठेवतो म्हणाला, म्हणून मी मूर्खाने अपूर्वला दिले. त्याने इंटरनेटवर लावून खाली लिहिले की बाई स्वतःच सुखरूप म्हणते, ज्यूंचा संहार ही ज्यूंनीच रचलेली थाप. परदेशातली टोळकी त्याला 'आर्य बंधू' म्हणतात. प्रत्यक्ष गेला तर उंबऱ्याबाहेर उभा करतील. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी.

मी मुलाच्या पाया पडलो. तो म्हणाला, "सरी, बरं अण्णा, काढतो. पण लोकांनी ते कधीच उतरवून घेतलंय. पन्नास ठिकाणी गेलंय. आता माझ्या हातात नाही."

तेव्हा 'ते पुसलेस तरच घरात वाटा' अशी अट घालण्यासारखेही काही उरले नाही. मूळ पत्र संहितेला.

४. रोझाबाईंची मृत्युतिथी कुणालाच ठाऊक नाही. अक्का गेल्यापासून बावीस वर्षे सर्वपित्रीला मी त्यांच्या नावाने पाणी सोडत आलो. भटजींनी गोत्र विचारले तेव्हा माझेच सांगितले. परवा तीळ हातात घेतले आणि नाव तोंडातून फुटेना. त्यांचे मरण माझ्याच घरातून खोटे ठरवले गेले. मला लाज वाटली. पुढे संहितेला जमले तर तिने पाणी सोडावे.

५. माझे क्रियाकर्म संहितेने करावे, अपूर्वने नाही. पिंडाला कावळा शिवणार नाही, हे मला आजच ठाऊक आहे. तेव्हा 'अण्णा, ते पुसून टाकतो' असे वचन कुणी देऊ नये. दर्भाचा कावळा करून उरकूही नये. पिंड तसाच राहू द्यावा.

वाचून पाहिले, बदल नाही.

नरसिंह देवाप्पा मोहिते (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. उमाकांत पवार, शेजारी (सही)
२. हेमलता शिंदे, निवृत्त शिक्षिका (सही)

बेंगळूर, ११ ऑक्टोबर १९९९