गच्चीवरचं भडंग

१९ जानेवारी १९९८
भूक! लग्न होऊन दोन महिने होत आले, पण संध्याकाळच्या भुकेला या घराची सवय होत नाही. मामंजी आणि हे भांड्यांचं दुकान बंद करून साडेनवाला येतात. ते जेवून उठल्याशिवाय आत्ती जेवत नाहीत. मग मी कशी जेवणार? माहेरी, जयसिंगपूरला, तोवर आमची अंथरुणंसुद्धा पडलेली असायची! आणि आत्ती, म्हणजे सासूबाई — दिवसातून चार वाक्यं बोलतात. त्यातली दोन मिठावर.

२२ जानेवारी
भाजीच्या पिशवीतून भडंगाचा पुडा आणला — चोरून! वाळलेले कपडे काढायच्या निमित्तानं गच्चीवर गेले. लसणीचा खमंग वास, बोटं तेलानं लाल... काय सुख!
मागून आवाज. "काय खातीयास गं?"
आत्ती! माझ्या तोंडात बकाणा. बोलता येईना. पुडाच पुढं केला.
त्यांनी मूठभर घेतलं. चावलं. "कांदा न्हाय व्हय?"
आणि स्वतः खाली जाऊन चिरून आणला!!

२३ जानेवारी
"आज शेव बी आण की. जाडी." — आत्ती.

२९ जानेवारी
आता रोजचंच झालंय. आत्ती एकदा बोलायला लागल्या की थांबत नाहीत. जास्त हसू आलं तर कानडीत सुटतात!
आज म्हणाल्या, "नवी असताना मी बी भुकंनं रडायचो. सासू म्हणायची, सुनंला कसली भूक?"
मी धीर करून विचारलं, "मग तुम्ही मला का नाही विचारलंत?"
पुड्यातली शेव चाळवत म्हणाल्या, "मला कुणी इचारल्यालं का? असं इचारायचं असतंय, ह्येच ठावं न्हवतं बघ."
उरलेली शेव माझ्या हातावर ओतली.

३१ जानेवारी
रात्री पोटात जागाच नव्हती. दोघी चतकोर भाकरी चिवडत बसलो. मामंजी दारातून बघून गेले. खोलीत यांनी विचारलं, "आईचं आणि तुझं काय बिनसलंय? दोघीबी जेवत न्हाईसा." मला हसू आवरेना, उशीत तोंड खुपसलं. यांना वाटलं, रडतेय!

१ फेब्रुवारी
आत्तींना सांगितलं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "खरं सांगून टाकूया?" म्हटलं. "नगं! बाप्ये बी गच्चीवर येतील."

४ फेब्रुवारी
अंगलट आलं. जेवणं झाल्यावर मामंजींनी घसा खाकरला. "दोघींचं जमत न्हाय. कुढत ऱ्हाण्यापरीस येगळं झाल्यालं बरं. सोमेश, तुमच्यासाठी फ्लॅट बघून ठेवलाय."
हे मान खाली घालून. आत्ती एक अक्षर न बोलता आत निघून गेल्या!
शेव-भडंगापायी घर फुटणार? आणि त्या काहीच का बोलल्या नाहीत?

५ फेब्रुवारी
सकाळी चहाच्या वेळी आत्ती पिशवी भरून बाहेर आल्या. "चला. कुठाय त्यो फ्लॅट?"
मामंजी गडबडले. "अगं, त्यो सोमेश आणि सूनबाईसाठी—"
"सूनबाई आणि मी जातो. आमचं काय बी बिनसल्यालं न्हाय. भूक लागती, म्हणून दोघी गच्चीवर खातो! तुम्ही बाप-लेक हितं ऱ्हावा. कवाबी या, आपलं आपण रांधा."
आधी हे हसले, मग मामंजी.
दुकान आज सातलाच बंद. चारही पानं एकदम वाढली.