भुरीचं कार्ड

८ जुलै २०१४

दोन किलो तीनशे! झोळीचा काटा तीनदा लावून पाहिला, तीनदा तेच. ज्या झोळीत तीस वर्षं आमगावची बाळं वजनाला टांगली, तिच्यात आज मांजर टांगलं. जानेवारीत हीच भुरी साडेतीन किलो होती. आणि खाते किती! सकाळपासून चारदा भात-मासळी, वर शेजारच्या पार्वताबाईच्या घरचं दूध चोरून. खाते आणि वाळते. दिवसभर येरझारा आणि विनाकारण ओरडणं. इथल्या डॉक्टरने जंताचं औषध दिलं होतं, काही उपयोग नाही.

चौदा वर्षांची आहे. आमच्या दीप्तीने सातवीत असताना दप्तरात घालून आणली होती. हे म्हणतात, "म्हातारी झाली ते. वाळनच." म्हातारी म्हणून वाळते, हे मी माणसांबद्दल कधी ऐकून घेतलं नाही. मांजराबद्दल का ऐकू?

१४ जुलै

पॅसेंजरने गोंदियाला नेलं. टोपलीवर टोपली बांधून. डबाभर लोकांनी तिचं रडगाणं ऐकलं.

डॉ. बिसेन तरुण आहेत, पण हात चांगला. तिचा गळा चाचपला आणि माझं बोट तिथे टेकवलं. "यहाँ देखो मॅडम." चण्याएवढी गाठ, बोटाखाली सरकते. छातीचे ठोके तर मोजताच येईनात. रक्त नागपूरला पाठवलं.

२३ जुलै

थायरॉईड! मांजराला! गळ्यातली ती गाठ गरजेपेक्षा जास्त काम करते आणि अंग जाळून टाकते. डॉ. बिसेन फोनवर म्हणाले, "बुढ्ढी बिल्लियों में होता है. बरी नाही होणार, पण ताब्यात राहील. जन्मभर गोळी." माणसांचीच गोळी आहे, मेडिकलमध्ये मिळाली. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. उलटी झाली, खाणं सुटलं, तोंड खाजवू लागली, तर गोळी थांबवून लगेच फोन.

रात्रंदिवस टीबीच्या पेशंटांना गोळ्या गिळवल्या मी. एका मांजराचं काय!

२४ जुलै

मांजराचं बरंच काही. दोन्ही हात रक्तबंबाळ. गोळी यांच्या चहात सापडली.

३ ऑगस्ट

आता जमलं. ब्लेडने गोळीचे दोन भाग करायचे. भुरीला जुन्या टॉवेलात गुंडाळून यांच्या मांडीवर द्यायची. जबड्याच्या कोपऱ्यात बोट, गोळी जिभेच्या मुळाशी, तोंड बंद, गळा चोळायचा. गिळलं की नाक चाटते, हीच खूण! मग मासळीचा तुकडा.

टीबीच्या पेशंटांसारखं कार्ड केलं आहे. नाव, वय, वजन, तारखांचे चौकोन. समोर गिळल्याशिवाय खूण करायची नाही, हा माझा जुना नियम. कार्ड धान साठवायच्या ढोलीवर चिकटवलं.

यांची छातीची गोळीही त्याच वेळेला असते. गेल्या दिवाळीत चार दिवस गोंदियाला भरती होते, तेव्हापासून रोज एक. भुरीचं झालं की मी हात धुवायला जाते आणि हे ढोलीजवळच्या पलंगावर बसून आपली घेतात. आज तिला समजावत होते, "गीळ ना वो बाई, मी नाई का गिळून राहिलो?" मला हसू आवरेना.

१५ ऑगस्ट

दोन किलो सहाशे!!

२६ ऑगस्ट

पोळ्याचा दुसरा दिवस. पोरं सकाळीच "घेऊन जा गे मारबत" ओरडत मारबतीच्या पुतळ्याबरोबर रोगराई गावाबाहेर घालवत होती. पार्वताबाई दारात येऊन म्हणाली, "तुह्या मांजरीची बिमारी बी धाड ना तिच्यासंगं." म्हटलं, माझ्याकडे गोळी आहे, मारबत तुला ठेव. जाता जाता म्हणाली, "उदारामभाऊचे पाय काऊन सुजले वो?"

दिवसभर पलंगावरून पाय खाली सोडून बसतात, सुजणारच.

भुरीने आज पंधरा दिवसांनी अंग चाटून साफ केलं. केसांवर चमक आली आहे.

७ सप्टेंबर

हे सकाळी म्हणाले, "ह्या गोळीनं मले गरगरते." म्हटलं, सवय होईल. भुरी टॉवेलातून सुटून पळत होती.

१४ सप्टेंबर

फसवलं! मला फसवलं!

ढोली आणि भिंतीच्या मधल्या फटीत भुरी झोपते. आज झाडू घातला तर धुळीत, जाळ्यात गोळ्या! अकरा! ओल लागून फुगलेल्या, काहींना मुंग्या. म्हणजे बाईसाहेब नाक चाटायच्या, मासळी खायच्या आणि मागे जाऊन थुंकायच्या. आणि मी कार्डावर खुणा करत बसले!

माझ्या टीबीच्या पेशंटाची, मंगरूची आठवण झाली. पाचव्या महिन्यापर्यंत त्याच्या कार्डावर एक चौकोन रिकामा नव्हता. "गिळली बाई" म्हणायचा, मी मान डोलवायची. त्याच्या बायकोला खाटेच्या माच्यात गोळ्या सापडल्या, तेव्हा तो गेलेला होता. तेव्हापासून "आ करा, जीभ वर करा" म्हटल्याशिवाय एकाला सोडला नाही. आणि आता घरातच हे!

गोळ्या डबीत भरून ठेवल्या, डॉक्टरांना दाखवायला. हे पाहत होते. मग म्हणाले, "जाऊ दे ना. बुढी आहे ते."

का जाऊ देऊ?

१५ सप्टेंबर

आजपासून गोळीनंतर शंभर अंक मोजेपर्यंत सोडायची नाही. संध्याकाळी तरी शंका आली. परत अर्धी दिली.

१६ सप्टेंबर

सकाळीही दोनदा. संध्याकाळीही. मी हरणार नाही.

१७ सप्टेंबर

मासळी हुंगून निघून गेली. हट्ट करते आहे. करू दे.

१८ सप्टेंबर

चार उलट्या. पाण्यालाही तोंड लावत नाही. पंज्याने गाल ओरबाडून रक्त काढलं. डॉक्टरांनी जे जे सांगितलं होतं ते सगळं, आणि मी आज कुठे ओळखलं! फोन केला. "गोळी बंद. परवा घेऊन या." दुपारभर तिला पदरात घेऊन बसले, चमच्याने पाणी पाजलं. खूप रडले. यांनी ढोलीवरचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "आता पुरे कर वो प्रेमिला. तिले तरास होते." आवाज कसातरीच होता यांचा. मी म्हटलं, तुम्ही मध्ये पडू नका.

२० सप्टेंबर

गोंदिया. डबी घाईत घरीच राहिली, तोंडीच सांगितलं. दुसऱ्यांदा गोळ्या दिल्या म्हटल्यावर डॉ. बिसेन माझ्यावर चांगलेच चिडले. "एक चुकली तर चुकू द्यायची. तुम्हीच नर्स, और ऐसा करते हो?" मान खाली घालून ऐकलं. बरोबर होतं त्यांचं.

मग तपासलं. उलट्यांनी उतरूनसुद्धा वजन दोन किलो आठशे. ठोके मोजता आले. गाल बरा होईल. आठवड्याने परत अर्धी-अर्धी सुरू करायची. भुरी वाचली!

पण निघताना ते म्हणाले, "एक बात समझ नहीं आयी मॅडम. अकरा गोळ्या थुंकलेल्या मांजराचं वजन वाढत नाही. हिच्या पोटात रोज गोळी जातच होती."

पॅसेंजरमध्ये तेच डोक्यात. मग त्या कोणाच्या?

२१ सप्टेंबर

सकाळी डबी उघडली. चष्मा लावला. अकराही गोळ्या अख्ख्या. भुरीला मी एकदाही अख्खी गोळी दिलेली नाही.

यांच्या पाकिटातली एक काढून शेजारी ठेवली. तीच.

हे पलंगावर बसले आहेत. पाय सुजलेले. गरगरते म्हणाले होते, मी ऐकलं नाही. संध्याकाळच्या गाडीने गोंदियाला यांना घेऊन जाते. डॉक्टरांसमोर आधी यांचं सगळं ऐकून घेणार.

भुरीचं कार्ड उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. नाव – उदाराम रामटेके. वय – ६६. उद्यापासून, आ करा.