‘येन’चा उगम आणि ओलं फडकं

सोमवार, ३ मार्च २०२५. सकाळी ६.१०
पद्मजा नाशिकला बहिणीकडे, नम्रताकडे गेली, त्याला आज एकेचाळीस दिवस. जाताना ‘चार दिवस’ म्हणाली होती. नम्रताचा गुडघा दुखतो. गुडघ्याला वेळ लागतो, हे मी समजू शकतो.

संकल्प: सोसायटीच्या फाटकाजवळच्या फलकावर ‘आजचा शब्द’ऐवजी ‘आठवड्याचा शब्द’. एकच, पण खोलात. नऊ वर्षं हा फलक लिहितोय. एकही चूक नाही. दहावीनंतर शाळा सुटली, इंग्रजी स्वतःच्या हिमतीवर शिकलो. हडपसरच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. दुसऱ्याच्या कामातला केसाएवढा फरक मला लांबून दिसतो. स्वतःचं लिहिलेलं मात्र परत वाचत नाही. गरज पडत नाही.

शब्द ठरला: येन. इंग्रजीत अर्थ, तीव्र इच्छा. आपली तल्लफ.

संध्याकाळी. पद्मजाला फोन करून शब्द समजावून सांगितला. ती तीनदा ‘हो का’ म्हणाली. चार मिनिटं दहा सेकंद.

मंगळवार, ४ मार्च
फलकावर लिहिलं: ‘येन. उगम: जपानी नाणं. माणसाला पैशाची हाव सुटते, म्हणून.’ कोश काढला नाही. इतकं उघड असताना कशाला?

संध्याकाळी. दुसऱ्या मजल्यावरच्या केदारनं (आयटी) फलकाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. एकतीस हसरे चेहरे. बहुतेकांच्या डोळ्यांत आनंदाश्रू. एवढा प्रतिसाद नऊ वर्षांत प्रथमच.

गुरुवार, ६ मार्च
पद्मजाला अभ्यासासाठी विचारलं, तुला कशाची तल्लफ येते? म्हणाली, ‘आलं किती घातलं, हे कोणी विचारणार नाही अशा चहाची.’ म्हटलं, विषयाला धरून बोल. म्हणाली, ‘अहो, धरूनच बोलतेय.’ दोन मिनिटं पाच सेकंद. नम्रताच्या गुडघ्याची चौकशी राहिली.

चहाबद्दल: आलं किसून घालायचं की ठेचून, एवढंच मी विचारतो. रोज.

शनिवार, ८ मार्च
जिन्यात केदार भेटला. ‘काका, येन भारी होतं! आता डॉलर घ्या, रुपया घ्या.’ म्हटलं, विचार करतो. वर जाता जाता म्हणाला, ‘काकू होत्या तेव्हा फलक कसा एकदम करेक्ट असायचा.’ काकूंचा काय संबंध? ही मुलं दिवसभर स्क्रीन बघतात, परिणाम होणारच.

नम्रताच्या स्टेटसवर फोटो: दोघी बहिणी पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना. गुडघा बरा दिसतो. पद्मजा हसतेय. तिचा पुढचा एक दात किंचित तिरका आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या नोंदीत नव्हतं.

मग निघत का नाही? होळीच्या आधी बसला गर्दी असते. तेच असणार.

रविवार, ९ मार्च. सकाळी ११
जिना झाडणाऱ्या यमुनाबाईंनी विचारलं, ‘साहेब, बाई कधी येणार? फळ्याची पार रया गेली.’ म्हटलं, बाईंचा आणि फळ्याचा काय संबंध? त्या केरसुणी टेकवून म्हणाल्या, ‘तुमी कामाला गेला की साडेदहाला बाई खाली यायच्या. एका हातात ओलं फडकं, काखेत ते जाडं बुक. पुसायच्या, परत लिवायच्या. अक्षर तुमच्यासारखंच हाय त्यांचं. मला म्हनायच्या, साहेबांना बोलू नका.’

विचारलं, रोज?

‘रोज न्हाई. आठवड्यातनं चार-पाच दिस.’

यमुनाबाईंना लिहिता-वाचता येत नाही. त्यामुळे साक्ष ग्राह्य नाही.

दुपारी ४
कोश काढला. पानांच्या कडांना खडूनं पांढऱ्या झालेल्या बोटांचे ठसे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. माझं बोट ठेवून पाहिलं. माझं बोट मोठं आहे.

येन: जपानी नाण्याचा संबंध नाही, तो शब्द वेगळा. हा दक्षिण चीनमधल्या बोलीतला. मूळ अर्थ अफूची तल्लफ. अमेरिकेत गेलेल्या चिनी लोकांबरोबर इंग्रजीत आला, असं मानतात. तिथे अफू गळून पडली, नुसती ओढ उरली.

एकतीस चेहरे पुन्हा पाहिले. ते आनंदाश्रू नव्हते.

मंगळवार, ११ मार्च. सकाळी ७.३०
फलक पुसायला पद्मजाचं फडकं सापडेना. फोन केला. ‘सिंकखाली, डावीकडे. वापरून झालं की वाळत घाला, वास येतो.’ म्हटलं, तू कधी... ‘अहो, भाजी लागतेय खाली.’ सव्वीस सेकंद.

खरा उगम लिहिला. शेवटी एक ओळ जोडली: ‘मिळत असते तोवर तल्लफ कळत नाही.’ तीनदा वाचलं. फोटो पाठवला.

दुपारी. उत्तर आलं: ‘बरोबर आहे. शेवटची ओळ कोशात नाही.’

म्हणजे कोश तिला पाठ आहे. लिहिलं: ‘ती माझी आहे. कधी येतेस? चहातल्या आल्याबद्दल विचारणार नाही.’

निळ्या खुणा आल्या. बाकी काही नाही.

बुधवार, १२ मार्च
अर्धी रजा. फलक पुसला. पुन्हा लिहिलं: ‘येन. उगम: जपानी नाणं. माणसाला पैशाची हाव सुटते, म्हणून.’ मुद्दाम. फोटो पाठवला. ती चूक ठेवून देणारी बाई नाही.

साडेदहाला खाली जाऊन फलकापाशी उभा राहिलो. केदार गाडी काढताना थबकला, फलक वाचून गेला. यमुनाबाई माझ्या पायांभोवतीनं झाडून गेल्या.

निळ्या खुणा ११.०४ ला.

फडकं वाळत घातलं.

संध्याकाळी ७.४०
चूक अजून तशीच आहे.