बोटं किती?

प्रिय वेंडेल,

डोकं कसं आहे? आणि ‘ठणठणीत’ असं लिहू नकोस. ते तू लहानपणी अंगात ताप असतानाही म्हणायचास. गेल्या शनिवारी त्या धडकेत तू आडवा झालास तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नाही, आणि या शनिवारी तू पुन्हा मैदानात उतरणार! तुझ्या खानावळीच्या मिसेस ओकली परवा दुकानात भेटल्या. म्हणाल्या, “तुमचा भाऊ हल्ली सूप वाडग्याबाहेर ओततो हो, प्रेमातबिमात पडलाय की काय?” मी हसले खरी, पण घेतलेलं सामान तिथंच विसरून घरी आले. आईला यातलं काही कळवलेलं नाही.

इकडे तुझ्या दाजींचं, एल्बर्टचंही काही खरं नाही. हा सामना हरला तर दुसरा कोच बघू, असं कॉलेजनं त्याला तोंडावर सांगितलंय. विश्वस्तांतले काही म्हणतात, हा धडकाधडकीचा फुटबॉल बंदच करा, पोरं मरतात; हिवाळ्यातलं बास्केटबॉल पुरे. त्यावर हा म्हणतो, “टोपलीत चेंडू टाकायला काय, आमच्या आत्याबाईसुद्धा टाकतील!” आणि तरी रोज त्याच टोपलीखाली पोरांचा घाम काढतो. माणूस वाईट नाही रे. पण एकदा बाहेर काढलेला गडी सामन्याच्या त्या अर्ध्या भागात परत घेता येत नाही, आणि तुझ्या जागी उभं करायला त्याच्याकडे दुसरं कोणी नाही. मग पडलेल्याला उठवायचं, डोळ्यांपुढे बोटं धरायची आणि विचारायचं, किती? तो नेहमी तीनच धरतो. तुम्हा सगळ्यांना ते पाठ आहे. कोणी डोळे मिटूनही ‘तीन’ म्हणेल.

गेल्या शनिवारी तुला उठवलं तेव्हा मी मैदानाकडेच्या दोरीला टेकूनच उभी होते. आदल्या दिवशी बास्केटबॉल शिकवताना एल्बर्टचं एक बोट मोडलं होतं. मीच ते फडक्यानं तळहाताशी बांधलं होतं. सवयीनं त्यानं हात वर केला, पण वर आली दोनच. तू फटकन म्हणालास, “तीन, कोच!” त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग तुझ्या पाठीवर थाप मारली आणि तुला आत पाठवलं. घरी मी विषय काढला तर म्हणतो, “तीनच होती, डेलिया. तुला लांबून काय दिसणार?” तेव्हापासून तो धड जेवत नाही, माझ्या नजरेला नजर देत नाही. तो तुला थांबवणार नाही, वेंडेल. थांबवलं तर गेल्या वेळचं कबूल करावं लागेल. म्हणून त्याच्या पाठीमागे हे लिहिते आहे. शनिवारी मैदानावर जाऊ नकोस, सरळ माझ्याकडे ये. तो काहीही म्हणो, बोटं दोन होती.

तुझीच, काळजीनं अर्धी झालेली,
डेलियाताई