रविवारचे चौदा पट्टे

१५ जानेवारी, रविवार

टोपलीत चौदा पट्टे. रविवारी!

रविवार म्हणजे बास्केटबॉलच्या पोरांची सक्तीची सुट्टी. नियमच आहे तसा— आठवड्याला सराव जास्तीत जास्त वीस तास आणि एक दिवस पूर्ण मोकळा. मग चौदा जणांनी आपापल्या नंबराच्या पट्ट्यात घामट बनियन, चड्डी, मोजे अडकवून माझ्या टोपलीत टाकले ते काय चर्चला जाऊन आल्यावर? सकाळी आठ ते बारा आणि परत दोन ते पाच. मी इथेच, धुण्याच्या खोलीत होते. यंत्रं दोनदा भरली.

दुपारच्या फेरीला तेराच आले. चौतीस नंबर नाही. अँब्रोज पेटवेला दोघांनी खांद्यावर घालून बाहेर नेलं. गुडघा. एवढा सहा फूट नऊ इंचांचा पोरगा, पण दारातून जाताना म्हणतो कसा, “ओपलमावशी, माझे मोजे राहिले हं.”

१६ जानेवारी, सोमवार

सरावाच्या तासांचा कागद ऑफिसात गेला. वीस. नेहमीसारखे.

२६ जानेवारी, गुरुवार

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. अजून एक लागणार. कॉलेज म्हणतं, रविवारचा सराव स्वखुशीचा होता, आमच्याकडे त्याची नोंद नाही, पुढचा खर्च आमच्याकडे नाही. स्वखुशी! जो येत नाही तो पुढच्या सामन्यात बाकावर बसून पाणी वाटतो, हे यंत्रातल्या मोज्यांनासुद्धा ठाऊक आहे.

अँब्रोजच्या आईने वकीलबाई गाठली. आता कोर्टात प्रश्न असा— ही पोरं विद्यार्थी की कामगार? कामगार ठरली तर कामावर मोडलेल्या गुडघ्याचा खर्च मालकाला द्यावा लागेल. गावात दुसरा विषय नाही. नाश्त्याच्या हॉटेलात पोस्टमन म्हणाला, “फुकट शिक्षण मिळतंय की! आणखी काय पायजे?” मी म्हटलं, “शिकायला वेळ कधी मिळतो, ते विचार.” खेळाडूंना जाहिरातींतून कमवायची मुभा झाली आता, पण आमच्या एवढ्याशा टॉलिव्हर कॉलेजातल्या पोरांना कोण विचारतंय! अँब्रोजला एकदाच मिळालं— टायरच्या दुकानाकडून चार टायर. गाडी नाही त्याच्याकडे.

३१ जानेवारी, मंगळवार

कोच रॅडिगन येऊन उगाच टॉवेलांच्या घड्या घालत बसले. म्हणाले, “ओपल, मी वाईट माणूस आहे का गं?” नाहीत ते. माझा नवरा रॉय गेला तेव्हा हंगाम ऐन भरात होता, तरी तीन दिवस माझ्या स्वयंपाकघरात बसून होते. शवपेटी त्यांनीच उचलली. पण नदीपलीकडच्या ब्रॅनिगन कॉलेजकडून सलग चार वेळा हरलेत. पाचव्यांदा हरले तर नोकरी जाईल. म्हणून रविवार.

मी घड्या घातलेले टॉवेल फळीवर रचत राहिले. बोलायला हवं होतं.

७ फेब्रुवारी, मंगळवार

कॉलेजचे वकील आले. गुळगुळीत माणूस. टेबलावर तासांच्या कागदांची चळत ठेवली. मी त्यांच्या बुटांकडे पाहत राहिले.

“तुम्ही कधी काही लिहून वगैरे ठेवता का?”

“किराण्याची यादी,” मी म्हटलं.

हसले. गेले. नऊ वर्षांच्या वह्या शिवणयंत्राखाली आहेत. कधी किती पट्टे आले, किती वाजता, कुणाच्या चड्डीला रक्त होतं— सगळं त्यात. रॉयबद्दलही. देवाशी केलेली भांडणंही. कुणी वाचावं म्हणून का लिहितं माणूस!

११ फेब्रुवारी, शनिवार

ब्रॅनिगनचा सामना. आठवडाभर गावात त्यांचा नारिंगी रंग बंद— मेसमध्ये गाजरसुद्धा शिजलं नाही. माझा सख्खा भाऊ व्हर्जिल नदीपलीकडे राहतो आणि नखशिखान्त नारिंगी होऊन येतो. हरेल त्याने उद्या चर्चमध्ये दुसऱ्याची टोपी घालायची, ही आमची एकवीस वर्षांची पैज.

अँब्रोज कुबड्या घेऊन आला, बाकामागे उभा राहिला. त्याला बघून त्यांचे लोक हिणवत ओरडायला लागले, “पगार! पगार!” ते ओरडणारच, त्यांचं कामच ते. पण मग आमच्या बाजूनेही सुरू झालं— आमचीच हिरव्या टोप्यांतली पोरं. “पगार! पगार!” पन्नास वर्षांत पहिल्यांदा दोन्ही बाजू एका सुरात!

अँब्रोज हलला नाही. टाळ्या वाजवत होता. त्याच्याच संघासाठी.

दोन गुणांनी जिंकलो. सगळं गाव रीतीप्रमाणे होडीघाटावरची विजयाची घंटा वाजवायला धावलं. मी नाही गेले. पार्किंगमध्ये व्हर्जिल भेटला. माझी हिरवी टोपी मुकाट्याने डोक्यावर चढवली आणि म्हणाला, “ताई, तुमच्यातला एक पोरगा मला आयुष्यात पहिल्यांदा आवडला, आणि तुम्हीच त्याला हाकलताय होय?”

१२ फेब्रुवारी, रविवार

तेरा पट्टे. जिंकल्यावरसुद्धा.

तिसऱ्या प्रहरी अँब्रोज आला. कॉलेजने पत्र पाठवलंय— कॉलेजची मालमत्ता परत करा. चौतीस नंबरचा पट्टा, त्यात बनियन, चड्डी, मोजे. सगळं स्वच्छ.

“मीच धुतलं, मावशी. तुमचं तेवढंच एक काम कमी.”

मोजे नीट जोडीने अडकवले होते. मला बघवेना.

“वकीलबाई काय म्हणतात?”

“रविवारी यावंच लागायचं, हे सांगणारं कुणी पायजे म्हणतात. पोरं घाबरतात. मी तरी त्यांच्या जागी बोललो असतो का, काय माहीत.” मग घाईघाईने म्हणाला, “तुमचं नाव मी घेतलं नाही हं. तुमची पेन्शन दोन वर्षांवर आलीय.”

तो गेल्यावर त्याचे धुतलेले कपडे मी पुन्हा धुतले. का, ते मलाही सांगता येणार नाही. रडत होते आणि यंत्र चालू होतं.

१३ फेब्रुवारी, सोमवार

वह्या खोक्यात भरल्या. अँब्रोजच्या वकीलबाईंकडे निघाल्यात. ही शेवटची, म्हणजे हे पान आता माझ्याशिवाय कुणीतरी वाचणार. तर तुम्हालाच सांगते. दर सोमवारचे ते वीस तासांचे कागद या वहीशेजारी ठेवा. अक्षर ताडून पाहा. दोन्हीकडे माझंच आहे.