दाराबाहेरची दोन मिनिटं

१३ सप्टेंबर १९९४, मंगळवार

शाळा सुटल्यावर होलिस प्रुइट वर्गात आला. गॅरेजमधून तसाच आलेला, नखांत काळं तेल, टोपी हातात. बायकोला पुरून अकरा दिवस झालेत. मी त्याला बसायला सांगितलं, तर मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसला. गुडघे हनुवटीला लागत होते.

"बाई, ट्वायलाला सकाळच्या प्रार्थनेतून सोडा."

मी विचारलं, का?

"ती नको म्हणते."

नऊ वर्षांची पोर, तिला काय कळतं नको म्हणजे? मी सांगितलं, अरे, अख्खा ऑगस्ट या वर्गाने तुझ्या डेलासाठी नाव घेऊन प्रार्थना केली. रोज. एक दिवस चुकवला नाही.

"तेच तर," म्हणाला.

मी म्हटलं, ठीक आहे. पण बाकीच्यांनी डोळे मिटलेत आणि ही एकटी टकामका बघतेय, असं चालायचं नाही. दोन मिनिटं दाराबाहेर उभी राहू दे. तो उठला. "दोन मिनिटं," एवढंच म्हणाला आणि गेला.

दुसरी कुणी असती तर इतकंही ऐकून घेतलं नसतं.

१५ सप्टेंबर

ट्वायला बाहेर उभी राहते, पाण्याच्या नळापाशी. दाराच्या काचेतून तिची पाठ दिसते. आज प्रार्थना सांगायची पाळी केरीची होती. माझी नात, पण शाळेत मला 'बाई'च म्हणायचं हे तिला पक्कं ठाऊक. चौथीची एकच तुकडी, म्हणून माझ्याच वर्गात आली. काय सुरेख बोलली! कुठे अडखळली नाही. तिच्या आईला, माझ्या जोलीनला, फोन करून सांगितलं, तुझ्या लेकीने आज माझी मान उंच केली. जोलीन नुसतं "हं" म्हणाली. दवाखान्यातल्या कामावरून दमून आली असेल. एकटीने मूल वाढवायचं म्हणजे सोपं नाही.

११ ऑक्टोबर, मंगळवार

मुख्याध्यापक स्ट्राउडनी सगळ्या शिक्षकांना ग्रंथालयात बोलावलं. आपल्या शाळेवर दावा लागला आहे. कोर्टात. सरकारी शाळेच्या वर्गात प्रार्थना घेणं कायद्याविरुद्ध आहे, ती बंद करा. फिर्याद करणारा कोण? 'एक पालक'. नाव गुप्त ठेवायची कोर्टाने परवानगी दिली आहे.

एकतीस वर्षं मी या शाळेत शिकवते. माझ्या हाताखालून निम्मं गाव गेलं. त्याच गावातल्या कुणीतरी, तोंड लपवून.

सगळे एकमेकांकडे बघत होते. मला विचार करावाच लागला नाही.

१२ ऑक्टोबर

बुधवारची प्रार्थनासभा. चर्च खच्चून भरलं होतं, मागे माणसं उभी. पाद्री गेन्स म्हणाले, ज्याने हे केलं त्याच्यासाठीही प्रार्थना करा. मी डोळे मिटले नाहीत.

बाहेर गाड्यांपाशी निव्हाने गाठलं. तिची मुलगी माझ्याच वर्गात आहे. "तुझ्याच वर्गातलं कुणीतरी असणार, मॉडीन. सांग ना."

मी म्हटलं, मी कुणाचं नाव घेणार नाही. पण ज्याने महिन्यापूर्वीच येऊन पोरीला प्रार्थनेतून सोडवून नेलं, त्याच्याकडे तू गाडीचं तेल बदलायला जातेस.

"होलिस?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

नाव मी घेतलेलं नाही.

१५ ऑक्टोबर

प्रुइटच्या गॅरेजसमोर आज शनिवारी एकही गाडी नव्हती.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

शाळा मंडळाचा वकील घरी आला. गुळगुळीत माणूस, मी भाजलेल्या गोड पेकन पायची तारीफ करत दोन फोडी खाल्ल्या. टाइप केलेला जबाब त्याने सोबतच आणला होता. 'प्रार्थना मुलं स्वखुशीने करतात. कोणावरही सक्ती होत नाही. कोणत्याही मुलाला वेगळं काढलं जात नाही.' शपथेवर सही करायची.

मी म्हटलं, एक मुलगी बाहेर उभी राहते.

"ती आपल्या पायांनी जाते ना?"

हो.

"मग झालं तर. वेगळं काढलं जात नाही, ती वेगळी होते."

मला हे जरा ओढूनताणून वाटलं. पण माझा नवरा क्लीट शेजारी बसला होता. वीस वर्षं आमच्या चर्चचा डीकन, पाद्रींच्या खालोखाल कारभार बघणारा. म्हणाला, "अगं, कर ना सही. यात खोटं काय आहे?" मी केली.

तेवढ्यात जोलीन केरीला सोडायला आली. वकील गेल्यावर तिने टेबलावरची प्रत वाचली. दोनदा वाचली. "आई, तू शपथेवर सही केलीस?"

केली, म्हटलं. कोणीतरी उभं राहायला हवं ना.

जेवायला थांब म्हटलं तर थांबली नाही.

२२ ऑक्टोबर

रात्री कुणीतरी गॅरेजची काच फोडली. पुढची मोठी, अख्खी. दारावर लाल रंगाने 'चालता हो'. सकाळी मी किराण्याला गेले तेव्हा होलिस एकटाच काचा झाडत होता. ट्वायला सुपली धरून बसली होती. मी गाडी हळू केली नाही.

क्लीट म्हणाला, टवाळ पोरं असतील. असतील.

२७ ऑक्टोबर

निव्हाच्या मुलीचा वाढदिवस. तिने वर्गातच आमंत्रणं वाटली. ती सोडून वीस मुलं, एकोणीस पाकिटं. मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत राहिले.

मंडळाने सांगितलंय, कोर्टाचा हुकूम येईतो प्रार्थना चालू ठेवा. ती चालू आहे. आज ट्वायला बाहेर जाताना दप्तरही घेऊन गेली. दोन मिनिटांसाठी दप्तर कशाला, मी विचारलं नाही.

२ नोव्हेंबर, बुधवार

तीन दिवस ट्वायला शाळेत नाही. शिक्षिका म्हणून चौकशीला जाणं माझं काम. पण खरं लिहायचं तर मी दुसऱ्याच कामाला गेले होते. होलिसला समजावायला.

काचेच्या जागी फळ्या ठोकलेल्या. आत दिवा लावून तो कुठलंसं जुनं इंजिन खोलून बसला होता. गिऱ्हाईक नव्हतं. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "होलिस, दावा मागे घे. मी सगळ्यांशी बोलते. गाव विसरेल."

"दावा माझा नाही, बाई."

मला वाटलं, थापा मारतोय. पण तो हातातला पाना खाली ठेवून सरळ माझ्याकडे बघत होता. आणि या माणसाला मी त्याच्या नवव्या वर्षी शिकवलंय. खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे.

"मग हे सगळ्यांना सांगत का नाहीस?"

"सांगितलं तर उद्यापासून दुसऱ्या कुणाच्या तरी काचा फुटतील. माझ्या फुटून झाल्यात."

"तो कोण आहे हे तुला माहितीय?"

"नाही. आणि मला जाणून घ्यायचंही नाही."

मी बसले. तिथे एक टायर होता, त्यावर. मग विचारलं, जे पहिल्याच दिवशी नीट विचारायला हवं होतं. ट्वायला प्रार्थनेला नको का म्हणाली?

तो चिंध्यांना हात पुसत राहिला. "वर्गातली एक पोर तिला म्हणाली, तू मनापासून केली नसशील. म्हणून तुझी आई गेली."

कोण पोर? मी चढ्या आवाजात विचारलं. उद्या तिच्या आईबापांना बोलावते, म्हटलं.

मागच्या खोलीच्या दारात ट्वायला उभी होती, मला दिसलीच नव्हती.

"केरी," ती म्हणाली. "पण ती भांडून नाही बोलली, बाई. समजावून सांगत होती. तुम्हीच सांगितलं होतं ना आम्हाला, मनापासून मागितलं की देव देतो."

मी टायरवरून उठले. होलिस मला गाडीपर्यंत सोडायला आला आणि माझं दार त्याने उघडून धरलं.

३ नोव्हेंबर

केरीला मधल्या सुट्टीत थांबवून विचारलं. लगेच हो म्हणाली. घाबरली नाही, लाजली नाही. "मी तिला मदत करत होते, बाई. पुढच्या वेळी तरी तिने नीट करावी म्हणून."

पुढच्या वेळी! आई काय दोनदा जाते?

पण रागावू कुणावर? शब्द माझेच होते. माझाच सूर होता. मान तिरकी करून बोट वर धरायची लकबसुद्धा.

४ नोव्हेंबर

आज प्रार्थना माझ्याच्याने सांगवली नाही. मुलांनी आपली आपणच म्हटली. मी खिडकीपाशी उभी राहिले आणि मनातल्या मनात देवाला विचारलं. माझा त्याच्यावर विश्वास आहे. होता तेवढाच आहे. फक्त त्याच्या वतीने मी काय काय बोलत आले, ते मोजवत नाही.

९ नोव्हेंबर, बुधवार

प्रार्थनासभेत शेवटी पाद्री विचारतात, कुणाला काही सांगायचंय का. मी उठले. पुढच्या बाकाची पाठ धरली.

म्हटलं, दावा होलिस प्रुइटचा नाही.

कुणीतरी मागून विचारलं, "तुला कसं ठाऊक?"

"त्याने सांगितलं."

"तो सांगणारच की." थोडा हशा पिकला.

"त्याचं नाव गावभर माझ्यामुळे झालं," मी म्हटलं. "मला काही माहीत नव्हतं. नुसता संशय होता, आणि तो मी माहिती असल्यासारखा दिला. त्या काचा माझ्या तोंडाने फुटल्यात."

निव्हा मांडीवरच्या पुस्तकात बघत होती. पाद्री गेन्स हळूच म्हणाले, "बस, मॉडीन. तुझी तब्येत बरी दिसत नाही."

मी बसले. घरी फाटकापाशी आल्यावर क्लीट म्हणाला, "पुरे झालं ना आता?"

मी सांगितलं, नाही. अजून त्या कागदावर माझी सही आहे.

१४ नोव्हेंबर, सोमवार

शाळेत रजा टाकली. एकटी दीड तास गाडी चालवत शहरात गेले, समोरच्या पक्षाच्या वकिलीणबाईंकडे. तरुण आहेत, जोलीनच्या वयाच्या. मी म्हटलं, माझा जबाब खोटा आहे, मला खरा लिहून द्यायचाय. ट्वायला आपल्या पायांनी गेली नाही. दाराबाहेर उभं राहायचं हे मी ठरवलं. आधी दोन मिनिटं म्हटलं, मग आठ आठ मिनिटं झाली, कारण आम्ही वर एक भजनही म्हणायला लागलो.

त्या लिहायच्या थांबल्या. "तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही.

"घरच्यांपैकी कुणी काही बोललं तुमच्याशी?"

मी म्हटलं, घरचे बोलायचेच बंद झालेत. त्या माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघत राहिल्या. मग कागद पुढे केला. या वेळी प्रत्येक ओळ वाचून सही केली.

परत येताना शाळेत जाऊन स्ट्राउडना स्वतःच सांगितलं. ते म्हणाले, "जूनपर्यंत शिकव, मॉडीन. त्यापुढे मंडळ काही ठेवणार नाही." माझ्या वर्गात प्रार्थना होणार नाही, हेही मी सांगितलं. ते म्हणाले, मग जूनपर्यंतसुद्धा कठीण आहे.

१५ नोव्हेंबर

क्लीटला सगळं सांगितलं. त्याने ओरडायला हवं होतं. ओरडला नाही. ताट उचलून बाहेरच्या खोलीत गेला. जाताना म्हणाला, "ज्याने हा दावा केला, त्याच्या पंगतीला मी मरेपर्यंत बसणार नाही. आणि तू त्याच्याच पंगतीला जाऊन बसलीस."

चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी एकटी जेवले.

१७ नोव्हेंबर

ट्वायला शाळेत आली. सकाळी घंटा झाली तशी सवयीने दाराकडे निघाली. मी म्हटलं, बस बाळ, जागेवर बस. गणिताची वही काढा रे सगळ्यांनी. निम्म्या मुलांनी तरी डोळे मिटलेच. मी काही म्हटलं नाही. त्यांचं त्यांना करू दिलं.

केरी उठून ट्वायलाच्या बाकापाशी गेली, काहीतरी बोलली. ट्वायलाने मान हलवली, हो की नाही ते मला दिसलं नाही.

१९ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी जोलीन आली. मी मक्याचा पाव भट्टीत टाकत होते. कोट न काढता उभी राहिली आणि म्हणाली, "आई, दावा माझा आहे."

केरीने ट्वायलाला काय सांगितलं ते तिला सप्टेंबरमध्येच कळलं होतं. केरीनेच कौतुकाने सांगितलं. "माझ्या पोरीला कुणी दुखावलं असतं तर मी तुझ्याकडे आले असते. पण तीच दुखवायला शिकली होती, आणि तुझ्याकडूनच. तुला कसं सांगणार होते? होलिसचं झालं तेव्हा रोज वाटायचं बोलावं. धीर झाला नाही."

बाहेरच्या खोलीत क्लीट सामना बघत होता. टीव्हीचा आवाज मोठा होता. जोलीन म्हणाली, "बाबांना मी आता सांगणार आहे. तू फक्त सोबत ये."

मी भट्टी बंद केली आणि तिच्या पुढे होऊन दार उघडलं.