अडीच वर्षांनंतरचं एक मत

लेन्स्टर हाउस (संसद भवन), डब्लिन
बुधवार सकाळ

प्रिय लॉर्कन,

'प्रिय' लिहिताना हात अडेल असं वाटलं होतं, पण नाही अडला. इतकी वर्षं तुला नाताळची कार्डं पाठवते आहे, सवय झाली असेल. माझ्या खोलीच्या खिडकीतून खाली फाटक दिसतं. तुझ्या गावाहून, बॉइलहून, तुझ्या माणसांची बस आत्ताच येऊन लागली. एक म्हातारा गळ्यात पक्षाचा मफलर घालून फाटकावरच्या पोलिसाला हातवारे करून काहीतरी सांगतोय. काय सांगतोय ते ऐकू येत नाही, पण ऐकायची गरजही नाही. आज दुपारी आमचा पोरगा टीशॉक होणार, देशाचा पंतप्रधान होणार, दुसरं काय सांगणार? तुमच्या चौकात म्हणे शेकोटीची लाकडंसुद्धा रचून ठेवलीत. रात्री तू परतलास की पेटवायची.

सगळ्या देशाला तुझी ही तारीख पाठ आहे. निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही, म्हणून दोन जुने वैरी पक्ष एकत्र आले आणि पाच वर्षांचे दोन तुकडे पाडले. पहिली अडीच वर्षं ऊना प्रेंडरव्हिलची, पुढची अडीच तुझी. आज सकाळी ऊना बाई पार्कातल्या राष्ट्रपती भवनात जाऊन राजीनामा देऊन आल्या. आता दुपारी सभागृहात तुझं नाव मांडलं जाईल, मतं पडतील, आणि मग तू त्याच पार्कात पदाची मोहोर घ्यायला जाशील. तुझ्या पारड्यात विरोधकांपेक्षा एकच मत जास्त आहे. पण काल तू वर्तमानपत्रवाल्यांना म्हणालास, 'एक म्हणजे पुष्कळ झालं.' तुझं ते हसू मी टीव्हीवर पाहिलं. ते तू बाबांकडून उचललं आहेस. डावा गाल जरा वर जातो.

बाबांबद्दल तुला सांगायचं आहे. त्यांचं सगळं तुला माहीत आहे असं तू समजतोस. पण तुला पक्षाच्या खोलीतलं माहीत आहे, आमच्या घरातलं नाही.

तू आमच्याकडे पहिल्यांदा आलास तो उन्हाळा आठवतो? कोलमनला जाऊन वर्ष झालं नव्हतं. अ‍ॅलन तलावाने माझा भाऊ घेतला आणि त्यानंतर आईने जेवणाच्या टेबलावर चौथी खुर्ची ठेवणंच सोडून दिलं होतं. बाबांनी प्रचाराच्या कामाला एक चुणचुणीत मुलगा आणला, कोलमनच्याच वयाचा, हडकुळा, पावसात भिजलेला. आई वर गेली, कोलमनचा कोट घेऊन आली आणि तुझ्या खांद्यावर टाकला. चौथी खुर्ची परत आली. तू तिला 'मिसेस जी' म्हणायचास आणि ती तुला 'माझा पोरगा' म्हणायची. मला राग नाही आला कधी. उलट बरं वाटायचं. ती पुन्हा स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली होती.

मग बाबा टीशॉक झाले. बोस्टनच्या मावशीला हा शब्द मरेपर्यंत उच्चारता आला नाही, ती फोनवर 'आमचे पंतप्रधान भावजी' म्हणायची. तू त्यांचा उजवा हात. वर्षभरातच पक्षात कुजबुज सुरू झाली की मॅलकी गिलहूली म्हातारा झाला, पुढच्या निवडणुकीत बुडवेल. तेव्हा तूच त्यांना म्हणालास, 'साहेब, वाट कशाला बघायची? तुम्हीच पक्षात विश्वासाचा ठराव मांडा. मी एकेक डोकं मोजलंय. आरामात जिंकतो आपण.' बाबांनी तुझ्या मोजणीवर ठराव मांडला. गुप्त मतदान झालं आणि ते पडले. त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी त्यांना पाडलं. पायऱ्यांवर कॅमेऱ्यांसमोर त्यांच्या खांद्याला खांदा लावून तू एकटा उभा होतास आणि तुझे डोळे भरले होते. तो फोटो अजून आमच्या दिवाणखान्यात आहे. आई दर शनिवारी त्याची काच पुसते.

त्या संध्याकाळी तू आमच्याकडे जेवलास. आईने तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, 'सगळे गेले, तू तेवढा राहिलास रे.' तू ताटातून मान वर केली नाहीस. मला वाटलं, रडू आवरतोयस. पंधरवड्याने नव्या टीशॉकने तुला मंत्री केलं. बाबाच सगळ्यांना समजावत फिरले, की पक्षातली जखम भरून यायला हवी, लॉर्कनने नाही म्हणू नये.

पुढच्या वर्षी बॅलिनामोरला कुणाच्या तरी मयताला बाबा गेले होते. तिथे चर्चच्या हॉलमध्ये चहाच्या वेळी पॅकी हेव्हरन त्यांच्या शेजारी येऊन बसला. बंडवाल्यांचा म्होरक्या तोच होता, हे काही गुपित नव्हतं. पण आता तो आजारी होता, कॉलर मानेला सैल झाली होती. तो म्हणाला, 'मॅलकी, मी तुझ्याविरुद्ध गेलो ते तोंडावर सांगून गेलो. पण जो तुझ्यासाठी डोकी मोजत होता ना, तो रोज संध्याकाळी तीच मोजणी आम्हाला आणून देत होता. तू ठराव मांडावास, ही युक्तीही त्याचीच.' बाबांनी त्याला विचारलं, 'तुला हे आत्ता का सांगायचंय?' तो म्हणाला, 'कारण तू अजून त्याचं नाव घेतोस तेव्हा तुझा चेहरा उजळतो, आणि मला ते बघवत नाही.'

हे मला बाबांनी दुसऱ्या दिवशी रानात सांगितलं. आम्ही दोघं जळणासाठी दलदलीतून कापलेल्या पीटच्या विटा वाळायला उभ्या करत होतो. मी हातातली वीट टाकली आणि म्हटलं, 'आत्ताच्या आत्ता आईला सांगते.' बाबांनी माझं मनगट धरलं. एवढ्या जोरात त्यांनी मला कधी धरलं नव्हतं. 'खबरदार,' म्हणाले. 'एक मुलगा तिने तलावात घालवलाय. दुसरा मी तिच्याकडून काढून घेणार नाही, आणि तूही घ्यायचा नाहीस. शब्द दे.' मी शब्द दिला. मग ते खाली वाकले आणि माझी पडलेली वीट उचलून नीट उभी केली.

त्यानंतरही तू येत राहिलास. बाबा तुला चहा ओतून देत राहिले. माणूस आतून कसा संपत जातो ते मी समोरच्या खुर्चीत बसून बघत होते आणि तू बिस्किटं खात होतास. ते गेले तेव्हा आईच्या हट्टापायी पेटीला पुढचा खांदा तू दिलास. थडग्यापाशी भाषणही तूच केलंस. 'निष्ठा म्हणजे काय ते मी या माणसाकडून शिकलो,' असं म्हणालास. माझ्या शेजारी आई मान हलवत होती, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि माझ्या बोटांत जपमाळ होती. ती तुटली. मणी ओल्या गवतात गेले. लोकांना वाटलं, पोरगी दुःखाने कोसळली. लॉर्कन, मी दुःखात नव्हते. आयुष्यात इतकं स्वच्छ, थंड डोक्याने मी कधीच काही ठरवलं नव्हतं.

कॅरिकमधलं माझं औषधांचं दुकान बरं चाललं होतं. राजकारणाची मला हौस नव्हती, तुला माहीत आहे. तू पक्षाचं तिकीट देऊ केलंस, मी नाकारलं, आणि अपक्ष उभी राहिले. तू सगळ्यांना सांगत सुटलास, 'बापासारखी हट्टी आहे, पण आपलीच आहे.' पहिल्या वेळी पडले. दुसऱ्यांदा मतमोजणीच्या शेवटच्या फेरीत, मतदारसंघातल्या जागांपैकी शेवटची जागा मिळाली. त्याच निवडणुकीने तुम्हा दोन वैऱ्यांना एकमेकांच्या गळ्यात पडायला लावलं आणि तरीही तुमची बेरीज जमेना, अपक्ष लागले. तू माझ्या दुकानात आलास, खोकल्याच्या बाटल्यांच्या कपाटाला टेकून उभा राहिलास आणि म्हणालास, 'घरच्या माणसाकडे मत मागायला लाज कसली?' मी म्हटलं, 'ऊना बाईंना माझा पाठिंबा आहे.' तू माझा हात दाबलास आणि गेलास. 'आणि माझ्या वेळेला?' असं तू विचारलंच नाहीस. मी तुझी, हे तू धरूनच चालला होतास. विचारलं असतंस तर खोटं बोलावं लागलं असतं, आणि मला ते जमलं असतं की नाही कुणास ठाऊक.

ऊना बाईंना दिलेला शब्द मी पाळला. एकदाही कच खाल्ली नाही. त्याच्या बदल्यात आमच्या भागात डायलिसिसचं केंद्र आलं, पेशंटना आता डब्लिनपर्यंत हेलपाटे घालावे लागत नाहीत. फीत कापताना तू पुढे घुसलास आणि फोटोत आलास. मी बाजूला झाले. मला घाई नव्हती. प्रत्येक मतदानाला मी तुझ्या बाजूने जायचे आणि तू मला लांबून मान तुकवायचास. तुझा तो निश्चिंतपणा मी रोज थोडा थोडा वाढवत होते, तो उतू जाईपर्यंत.

आता तुला हे निष्ठुर वाटेल. म्हणून गेल्या आठवड्यातलं सांगते. तू आईला भेटून आला होतास, फळांचा केक घेऊन. 'मिसेस जी, बुधवारी तुम्ही गॅलरीत पहिल्या रांगेत बसायचं, माझी आई म्हणून.' तिने त्यासाठी नवा कोट घेतला. केस सेट करून आली. मला फोनवर म्हणाली, 'मॅलकीची खुर्ची घरात परत येतेय गं.' फोन ठेवला आणि माझा धीर पहिल्यांदाच सुटला. मनात आलं, सोडून द्यावं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. काय मिळणार आहे आता? मी उठले आणि तुला शोधत कँटीनबाहेरच्या बोळात गाठलं. आठवतं ना? मी सरळ विचारलं होतं, 'लॉर्कन, बाबांना त्या दिवशी नक्की कुणी पाडलं, तुला कधी कळलं का?'

मी तुझ्याकडे बघत होते. मी प्रार्थना करत होते, खरं सांगते. तू एवढंच म्हणाला असतास, 'ईटा, ये, जरा बसूया,' तरी मी आज तुला मत दिलं असतं. बाबांसाठी नाही, आईच्या त्या कोटासाठी. पण तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, 'पॅकी हेव्हरनची टोळी, दुसरं कोण? मेला बिचारा. मेलेल्याला काय दोष द्यायचा.' डावा गाल वर गेला. तू पुढे निघून गेलास आणि मी खोलीत येऊन दार लावून घेतलं.

तर आज दुपारी माझं मत तुझ्याविरुद्ध पडेल. भाषणं सुरू झाली की शिपाई हे पत्र तुझ्या हातात देईल. तू ते पहिल्या बाकावर, कॅमेऱ्यांसमोर, चेहरा सांभाळत वाचशील. तोवर मतदानाच्या घंटा वाजायला लागतील आणि तुला कुणाला फोन करायलाही वेळ उरणार नाही. पण तेवढ्यासाठी मला पत्र लिहायची गरज नव्हती, मत पुरेसं होतं. लिहिलं ते दुसऱ्याच कारणासाठी. आईला आज सकाळी तुझी गाडी घेऊन आली, आणि परत नेणारीही तुझीच गाडी आहे. तिला वर गॅलरीत काहीच कळणार नाही. ती खाली येईल ती मला नाही, तुला शोधत येईल, तुझं सांत्वन करायला. तू तिच्यासोबत बसायचंस. ड्रायव्हरला सुट्टी दे, गाडी तू चालव. अर्ध्या वाटेवरच्या मलिंगारपर्यंत ती तुझा हात थोपटत राहील, मग विचारेल, 'माझ्या ईटाने असं का केलं रे?' मी बाबांना शब्द दिला आहे, मला तिला सांगता येत नाही. तू कुणालाच शब्द दिलेला नाहीस. तिथून आमच्या दारापर्यंत तासाभराहून जास्त रस्ता आहे. खुर्ची मी काढून घेतली ती तुला त्या गाडीत, तिच्या शेजारी बसवण्यासाठी. आणि सगळं ऐकूनही तिने तुला आत बोलावलं, चहाचं आधण ठेवलं, तर ते मला कधीही कळू देऊ नकोस.

आज दुपारपर्यंत तुझ्याच बाजूची,
ईटा गिलहूली